जळगावच्या ऑफिसची वीज पुण्याच्या ऑफिसशी ताडून पाहावी का?

भाऊ, तुम्ही विचारलंय की जळगावातल्या तुमच्या ९,००० चौरस फुटांच्या ऑफिसला वर्षाला ७५,००० युनिट लागतात, पुण्याच्या तेवढ्याच शाखेला बरेच कमी. मग आपण वीज उधळतोय का?

एवढ्यावरून तसं ठरत नाही. पुण्याचा आकडा दाखवून इथल्या माणसांना कुणी बोल लावत असेल तर तो अन्याय आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो.

आधी वर्षाचे युनिट क्षेत्रफळाने भागा. ९,००० चौरस फूट म्हणजे साधारण ८३६ चौरस मीटर, म्हणून तुमचा आकडा येतो चौरस मीटरमागे वर्षाला ९० युनिटच्या आसपास. रुपये धरू नका, दर बदलत राहतात. सलग बारा महिने घ्या, जनरेटरची वीज मिळवा, तळघरातलं पार्किंग असेल तर ते क्षेत्रफळातून वगळा.

केंद्र सरकारचा ऊर्जा दक्षता ब्युरो (एसी-फ्रिजवर तारे देणारा) २००९ पासून ऑफिसच्या इमारतींना याच हिशेबाने तारे देतो. ही योजना १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या (जोडलेल्या सगळ्या उपकरणांचे मिळून वॅट) इमारतींसाठी आहे, पण हिशेब छोट्या ऑफिसलाही लागू पडतो. त्यात हवामानाप्रमाणे निकष वेगळे आहेत, आणि निम्म्याहून जास्त जागेत एसी असलेल्या इमारतींची तुलना पंखे-कूलरवाल्यांशी करतच नाहीत. तुमच्या प्रश्नात नेमकं हेच राहिलंय. बहुतेक जागेत एसी असेल तर ९० हा चांगला आकडा आहे. दोन-तीन केबिनपुरताच एसी असेल तर मात्र तो जास्त आहे, आणि कारण शोधायलाच हवं.

तुलनेला धुळे, भुसावळ किंवा जळगावातलंच ऑफिस घ्या: एसीचं प्रमाण सारखं, कामाचे तास सारखे. दोन पाळ्यांत चालणारं ऑफिस नको, तिथे युनिट वाढणारच.

त्यांच्यापेक्षा तुमचा आकडा जास्त निघाला तर शनिवारी कुलूप लावताना मीटरचं रीडिंग घ्या आणि सोमवारी उघडताना पुन्हा घ्या. बंद ऑफिसने किती युनिट खाल्ले ते कळेल. सर्व्हर सोडून बाकी काय चालू होतं ते बघा. मग वरचा मजला. उन्हाने तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत निवत नाही आणि सकाळपासून एसी त्याच्याशीच झुंजत राहतो. गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग द्या. जुने ७५ वॅटचे पंखे काढून बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे बसवले तर तेवढ्याच वाऱ्याला ३० वॅटच्या आसपास लागतात.

एसी किती जागेत आहे आणि ऑफिस किती तास चालतं, ते खाली लिहा. त्यावरून नक्की सांगता येईल.