अंगठा उमटत नाही अन् गिऱ्हाईक भडकते

प्रश्न : ताई, मी दारव्हा तालुक्यात कृषी केंद्राच्या काउंटरवर बसते. युरिया देताना आधार पडताळणीच्या मशीनवर अंगठा उमटला नाही की लोक आईबहिणीवरून बोलतात. मालक गप्प राहतात. काय करू?

उत्तर : पोरी, आमच्या घरचंही खताचं दुकान होतं, म्हणून सांगते. निंदण-डवऱ्यानं घासलेली, भेगाळलेली बोटं मशीन धरतच नाही. चारचौघांत पुन्हा पुन्हा नकार आला की माणसाला आपणच खोटे ठरलो असं वाटतं. ओलं फडकं जवळ ठेव. बोट पुसायला दे, दुसरं बोट लावून बघ. "काकाजी, तुमचं काही चुकलं नाही, मशीनच घेत नाही," हे आधी बोल. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, हा भाव दिसेल असा लाव. युरियासोबत दुसरं काही गळ्यात मारत असतील तर लोकांचा राग रास्तच आहे, तेही मालकांना स्पष्ट सांग.

शिवी मात्र अजिबात ऐकून घेऊ नकोस. हात थांबव. "नीट बोला, मग बिल करते," म्हण. तरी थांबला नाही तर उठ अन् मालकांना काउंटरवर बसव. खरिपाच्या गर्दीत मी एकटी बसणार नाही, हेही त्यांना आजच सांगून टाक.