फ्रेंचमध्ये ९६ पडले, म्हणून बी.ए. फ्रेंच?

पत्र : आम्ही कोपरखैरण्याला राहतो. मुलगी यंदा बारावी आर्ट्सला आहे. आठवीपासून तिनं फ्रेंच घेतलं, दहावीला ९६ पडले. आता पदवीलाही फ्रेंचच घ्यायचं म्हणते. नुसतं फ्रान्स नाही, आफ्रिकेत जिथे फ्रेंच बोलतात तिथलं साहित्य, इतिहास हेही शिकायचंय म्हणते. तिच्या बाबांचं म्हणणं, बी.कॉम. कर आणि हवं तर फ्रेंचचा क्लास लाव. नणंदेचा मुलगा कॅनडात असतो. तो म्हणतो, फ्रेंच असलं की पीआर, म्हणजे तिथं कायम राहायचा परवाना, झटकन होतो. कुणाचं ऐकावं? – एक आई

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी ते ९६ बाजूला ठेवा. मुलीची मेहनत खोटी नाही, पण शाळेत फ्रेंच हा 'स्कोअरिंग' विषय असतो. ठरलेले धडे, ठरलेलं व्याकरण, पाठ केलेलं पत्र. ऐकणं आणि बोलणं नावापुरतं. युरोपीय भाषांची पातळी मोजायला सहा पायऱ्या आहेत : ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. दहावीला नव्वदीपार गेलेली बहुतेक मुलं ए१ ओलांडून ए२च्या आसपास असतात. पदवीचा अभ्यास खऱ्या अर्थानं समजू लागतो बी१ला, आणि नोकरीचा विषय निघतो तो बी२ला. तासांत सांगायचं तर ए२पर्यंत शिकवणीचे साधारण २०० तास लागतात, बी१पर्यंत ३५० ते ४००, बी२पर्यंत ५५० ते ६५०. आठवड्याला चार तासांचा क्लास लावला तर वर्षाकाठी २०० तासही भरत नाहीत. म्हणजे ए२पासून बी२पर्यंत नुसत्या क्लासनं दोन वर्षं निघतात, तीही एकही बॅच न चुकवता.

दुसरी गोष्ट घरात कुणी बोललेलं दिसत नाही. बी.ए. फ्रेंच म्हणजे तीन-चार वर्षांचा भाषेचा क्लास नव्हे. पहिल्या वर्षी भाषा असते. पुढे साहित्य, फ्रान्सचा इतिहास आणि समाज, भाषाशास्त्राची तोंडओळख, अनुवाद असं सुरू होतं, आणि उत्तरं फ्रेंचमध्ये लिहायची असतात. मुलांची गाडी अडते ती इथेच. व्याकरणाची कोडी सोडवायला आवडणारं मूल एखाद्या कवितेवर दोन पानं लिहायची वेळ आली की कंटाळतं. तुमची मुलगी आपणहून आफ्रिकेतल्या साहित्याचं नाव काढते, ही मला त्या ९६पेक्षा मोठी खूण वाटते.

ती जे म्हणते त्याला 'फ्रँकोफोन' अभ्यास म्हणतात आणि आज फ्रेंचचा कुठलाही चांगला विभाग तो शिकवतो. २० मार्च १९७० रोजी नायजर देशातल्या नियामे शहरात फ्रेंच भाषक देशांची संघटना उभी राहिली, म्हणून २० मार्च हा फ्रँकोफोनी दिवस. या संघटनेच्या २०२२च्या अंदाजानुसार जगात फ्रेंच बोलणारे ३२ कोटी १० लाख लोक आहेत. फ्रान्सची लोकसंख्या सात कोटींच्या आतच, म्हणजे बहुतेक फ्रेंच फ्रान्सबाहेर बोललं जातं. पण 'फ्रेंच बोलणारा देश' हे प्रकरण सरळ नाही. सेनेगलमध्ये घरात, बाजारात वोलोफ ही तिथली भाषा चालते. शाळेत आणि सरकारी कागदावर फ्रेंच. अल्जीरियात फ्रेंच सर्रास ऐकू येतं, पण तो देश त्या संघटनेत नाही, कारण वसाहतीची जखम. कोपरखैरण्यात वाढलेल्या मुलीला हे पुस्तकातून समजावावं लागणार नाही. गावठाणात आगरी, शाळेत प्रमाण मराठी, महाप्याच्या ऑफिसात इंग्रजी, हे ती रोज ऐकते. मार्तिनिक या फ्रेंच ताब्यातल्या कॅरिबियन बेटाचा एमे सेझेर आणि सेनेगलचा लेओपोल्द सेंघोर हे दोन कवी १९३०च्या दशकात पॅरिसमध्ये शिकत होते आणि मालकाच्याच भाषेत आपलं काळेपण ताठ मानेनं लिहीत होते. पुढे सेंघोर स्वतंत्र सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९८३ साली फ्रेंच अकादमीवर (फ्रेंच भाषेची मानाची संस्था) निवडून आलेले पहिले आफ्रिकी. आणखी जवळचा विषय हवा असेल तर मॉरिशस. तिथे मराठी वस्ती आहे, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. घरात क्रिओल (फ्रेंचपासून घडलेली बोली), वर्तमानपत्र फ्रेंच, सरकारी कारभार इंग्रजीत. एम.ए.च्या प्रबंधासाठी मराठी मुलीला यापेक्षा चांगला विषय मिळणं कठीण.

मराठीचा एक फायदाही तिला सांगा, शाळेत सहसा सांगत नाहीत. आपण 'मी आंबा खाल्ला' पण 'मी पोळी खाल्ली' म्हणतो. क्रियापद कर्माच्या मागे जातं. फ्रेंचमध्ये कर्म क्रियापदाच्या आधी आलं की तेच होतं : 'मी लिहिलेलं पुस्तक' म्हणताना क्रियापद 'एक्री', कारण पुस्तक पुल्लिंगी. 'मी लिहिलेलं पत्र' म्हणताना 'एक्रीत', कारण पत्र स्त्रीलिंगी. इंग्रजीतून विचार करणारी मुलं इथे वर्षानुवर्षं चुकतात. आपल्या मुलांनी मराठीवरून पाहिलं तर नियम अर्ध्या तासात डोक्यात बसतो. तोटा उच्चारात. आपण 'बोंजूर' म्हणतो, त्यात न् स्पष्ट वाजतो. फ्रेंचमध्ये तो वाजत नाही, स्वर फक्त नाकातून जातो. आणि त्यांचा 'यू' म्हणायचा तर ओठांचा चंबू करून आत 'ई' म्हणावं लागतं. हे आरशासमोर बसून करायचं काम आहे, गाइड वाचून जमत नाही.

आता शिकायचं कुठे. ठाणे-नवी मुंबईच्या बऱ्याच कॉलेजांत फ्रेंच असतं ते एक पर्यायी भाषा म्हणून. ते मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, आहे असं गृहीत धरू नका. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर आणि मायनर (दुय्यम विषय) वेगळे झाले आहेत. मायनरला क्रेडिट कमी असतात आणि तेवढ्या बळावर एम.ए. फ्रेंचला प्रवेश मिळेलच असं नाही. दक्षिण मुंबईतल्या काही जुन्या कॉलेजांत फ्रेंचचे विभाग मुरलेले आहेत. मुंबई विद्यापीठाचा फ्रेंच विभाग कलिन्याला आहे, तिथे एम.ए. होतं. ट्रान्स-हार्बरनं वाशी, तिथून हार्बरनं कुर्ला, पुढे बस, हा प्रवास रोजचा धरून चाला. मुंबईबाहेर पाठवायची तयारी असेल तर दिल्लीचं जेएनयू, दिल्ली विद्यापीठ आणि हैदराबादचं इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस विद्यापीठ इथे बी.ए. ऑनर्स फ्रेंच आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, त्याला लोक अजून रानडे इन्स्टिट्यूट म्हणूनच ओळखतात. जेएनयू आणि दिल्लीसाठी सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिचे फॉर्म बोर्डाच्या परीक्षेच्या धामधुमीतच निघतात. दर वर्षी मुलं ती तारीख चुकवतात. आणखी एक : जेएनयूसारख्या ठिकाणी फ्रेंच पहिल्यापासून शिकवतात. तिला पहिलं सत्र सोपं जाईल आणि तिथेच ढिलाई येईल. दुसऱ्या वर्षी शून्यातून आलेली मुलं पुढे गेलेली असतात.

कॉलेज कुठलंही असो, डेल्फ ही फ्रेंचची पातळी ठरवणारी, फ्रान्स सरकारच्या प्रमाणपत्राची परीक्षा वेगळी द्यायचीच. मुंबईत ती आलियांस फ्रांसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेमार्फत होते. पदवीच्या गुणपत्रिकेवरून कंपनीला तिची पातळी कळत नाही, डेल्फवरून कळते. आणि हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. चार भाग : ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. प्रत्येकी २५ गुण. पास व्हायला १००पैकी ५० लागतात, पण एखाद्या भागात ५पेक्षा कमी पडले तर एकूण कितीही असोत, नापास. आपली मुलं अडकतात ती ऐकण्यात. वाचताना शब्द सुटे दिसतात, कानावर ते एकमेकांना चिकटून येतात, शेवटची व्यंजनं गळतात, आणि बी२ला काही रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात. लेखनात एका तासात किमान २५० शब्दांचं मुद्देसूद पत्र किंवा निबंध लागतो. पाठ केलेला निबंध इथे उघडा पडतो, कारण विषयाला सोडून लिहिलं की गुण जातात. शब्द मोजायची रीतही आधीच माहीत हवी : दोन मोकळ्या जागांच्या मधलं सगळं एक शब्द, मध्ये अपॉस्ट्रॉफी असली तरी. 'ल'ए' हे दोन वाटतात, मोजतात एक. तोंडीला ३० मिनिटं तयारी आणि साधारण २० मिनिटं बोलणं. विषयावर मत मांडायचं आणि परीक्षकानं खोडून काढलं की टिकवायचं. शाळेत 'सर म्हणतात ते बरोबर' अशी सवय लागलेली मुलं इथे गप्प होतात.

नोकरीबाबत तिच्या बाबांचं निम्मं बरोबर आहे. ऐरोली, महापे, ठाणे या पट्ट्यात फ्रेंचच्या जागा निघतात, पण त्या 'फ्रेंच' नावाच्या नसतात. फ्रान्स, बेल्जियम, कॅनडातल्या ग्राहकांची बिलं तपासणं, बँकेची केवायसी कागदपत्रं, विम्याचे दावे, सॉफ्टवेअरचा सपोर्ट. बी२ आणि फोनवरची तोंडी चाचणी लागते. कामाला होकार देण्याआधी देश कोणता ते विचारा. पॅरिसमध्ये सकाळी ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात दीड. मॉन्ट्रिअलमध्ये ९ वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. एकात ती रात्री दहापर्यंत घरी येईल, दुसऱ्यात पहाटे. शिवाय फ्रेंच कंपनी म्हणजे फ्रेंचची नोकरी असंही नाही. त्यांच्या इथल्या ऑफिसांत सगळं इंग्रजीत चालतं. दोन-तीन वर्षांनी पगार तिथेच थांबतो तो फक्त भाषा येणाऱ्यांचा. अकाउंट्स किंवा विमा कळणारी मुलगी पुढे सरकते.

अनुवादाचं चित्र बदललं आहे. साधी पत्रं, ई-मेल आता यंत्रच भाषांतरित करतं आणि माणसाला तपासायला देतं. त्या कामाचा दर कमी. टिकून आहेत ते चूक महागात पडते असे विषय : करार, पेटंट, औषधं. इथे मुलीचा आफ्रिकेचा ध्यास कामी येतो. पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रेंच भाषक देशांत औषध पाठवायचं तर खोक्यावरचा मजकूर, आतलं माहितीपत्रक, नोंदणीची फाइल फ्रेंचमध्ये लागते. आपल्या औषध कंपन्यांची तिकडे मोठी निर्यात आहे, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात औषध कारखाने कमी नाहीत. आबिजान, डाकार, कासाब्लांका ही आफ्रिकेतल्या शहरांची नावं कळणारी आणि निर्यातीचे कागद वाचणारी मुलगी तिथे उपयोगी पडते. सगळी मुलं पॅरिसकडे बघत असतात, म्हणून तिकडे गर्दीही कमी.

शिकवायचं असेल तर शाळेसाठी बी.एड. हवं, कॉलेजसाठी ५५ टक्क्यांचं एम.ए. आणि नेट. आणि एक कमी लोकांना माहीत असलेली वाट : फ्रान्सच्या शाळांत सात महिने इंग्रजीची सहाय्यक म्हणून जाता येतं, आठवड्याला १२ तास काम, मानधनासह. पदवीच्या शेवटी हे करून आलेल्या मुलांचं बोलणं ऐकून ओळखू येतं.

कॅनडाचं थोडक्यात. तिथल्या स्थलांतराच्या एक्स्प्रेस एंट्रीत फ्रेंचला खरोखर वजन आहे, पण बी.ए. फ्रेंचला नाही आणि डेल्फलाही नाही. त्यासाठी टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा या परीक्षा लागतात आणि त्यांचा निकाल दोन वर्षंच चालतो. त्यामुळे अठराव्या वर्षी त्या हिशेबानं पदवी निवडणं व्यर्थ. शिवाय नियम तोवर दहादा बदलतील.

माझा कौल असा. मेजर फ्रेंच, मायनर कॉमर्स किंवा अर्थशास्त्र, आणि दुसरं वर्ष संपेपर्यंत डेल्फ बी२. मात्र जूनआधी दोन गोष्टी पडताळा. बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की आलियांसची प्लेसमेंट टेस्ट द्यायला लावा. आणि आरएफआय या फ्रेंच रेडिओवर रोज दहा मिनिटांच्या सोप्या फ्रेंच बातम्या असतात, त्या पंधरा दिवस ऐकून रोज चार ओळी सारांश लिहायला सांगा. पंधराव्या दिवशी तिला निम्म्या बातम्या कळत असतील आणि वही तुम्ही न सांगता भरलेली असेल, तर बिनधास्त मेजर द्या. चौथ्या दिवशी वही कोरी राहिली, तर बाबांचं ऐका : बी.कॉम. आणि आठवड्याला चार तास क्लास. बी२ तसाही गाठता येतो, वेळ थोडा जास्त लागेल इतकंच.

बाबांना एक काम द्या. फॉर्म भरण्याआधी प्रत्येक कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारायचं : फ्रेंच मेजर आहे की मायनर, तिसऱ्या वर्षापर्यंत चालतं का, बॅच सुरू व्हायला किमान किती मुलं लागतात, आणि गेल्या वर्षी तेवढी झाली का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कारकून टाळाटाळ करत असेल, तर त्या कॉलेजला पहिला पसंतीक्रम देऊ नका.