आधी खांदा, मग पौंड

गेल्या महिन्यात तिरंदाजी शिकणाऱ्या मुलांची आणि त्यांच्या आईवडिलांची बरीच पत्रं आली. त्यांतल्या चार पत्रांना आज उत्तरं देते आहे.

मुलगी सहावीत आहे. सर अजून बांबूच्या धनुष्यावरच सराव घेतात. यात तिचं वर्ष वाया जातंय का? रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं, स्पर्धेचं धनुष्य) घेऊन द्यावं का? – एक आई, फलटण

वाया अजिबात जात नाही, ताई. तुमच्याच तालुक्यातल्या सरडे गावचे प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या आईवडिलांचा मुलगा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून क्रीडा प्रबोधिनीत गेले आणि पुढे टोकियो व पॅरिस अशा दोन ऑलिंपिकमध्ये खेळले. त्यांचीही सुरुवात महागड्या धनुष्यानं झाली नव्हती. सरळ उभं राहणं, हात दर वेळी हनुवटीखाली त्याच जागी आणणं, हे बांबूवरही पक्कं होतं. सध्या बोटांचा टॅब (दोरी ओढताना बोटांना जपणारा चामड्याचा तुकडा), हाताला आर्मगार्ड आणि छातीला चेस्टगार्ड एवढं तिचं स्वतःचं असू द्या. रिकर्व्ह सुरू होईल तेव्हा पहिले सहा महिने क्लबचंच वापरा, कारण उंची वाढली की लिंब (धनुष्याचे वरचे-खालचे वाकणारे भाग) बदलावे लागतात. बाण मात्र तिच्या मापाचे, ओढीपेक्षा (ती दोरी जितकी मागे ओढते त्यापेक्षा) दोन-तीन इंच लांबच घ्या. आखूड बाण रेस्टवरून, म्हणजे तो टेकतो त्या आधारावरून, मागे घसरला तर सोडताना हातात घुसू शकतो.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे. 28 पौंडांवर (दोरी ओढायला लागणारा जोर) त्याचे बाण छान एकत्र बसतात. आता 38 पौंडांचे लिंब हवेत म्हणून हट्ट धरलाय. हल्ली उजवा खांदा दुखतो म्हणतो. – एक वडील, सांगली

नका घेऊ. आणि आधी खांदा डॉक्टरांना दाखवा. ते हो म्हणेपर्यंत एकही बाण नको.

आता हिशोब करू. दिवसाला 200 बाण मारणारा मुलगा 28 पौंडांवर एकूण अडीच टन वजन ओढतो. 38 पौंडांवर तेच साडेतीन टनांच्या घरात जातं. एका दिवसात एक टन वाढ, तीही पंधरा वर्षांच्या, अजून वाढत असलेल्या खांद्यावर! शिवाय लिंबवर छापलेला आकडा 28 इंच ओढीचा असतो. त्यापुढे दर इंचाला साधारण दोन पौंड वाढतात. म्हणजे मुलगा उंच होतोय, हात लांब होतायत, तसं तेच धनुष्य त्याला आपोआप जड होत चाललंय. खांद्याचं दुखणं कदाचित तिथूनच सुरू झालं असेल.

धनुष्य पेलतंय का, हे तुम्हालाही पाहता येईल. सरावाच्या शेवटी त्याच्या मागे उभे राहा आणि क्लिकरचा आवाज ऐका. क्लिकर म्हणजे रायझरवरची, धनुष्याच्या हातात धरायच्या मधल्या भागावरची, पातळ पट्टी. ओढ पूर्ण होऊन बाणाचं टोक तिच्या आत आलं की ती 'टक्' वाजते आणि मग बाण सुटतो. धनुष्य जड असेल तर शेवटचे दोन मिलीमीटर येतच नाहीत. डावा खांदा कानाकडे चढतो, मान दोरीकडे झुकते, बाणाचं टोक पट्टीपाशी थरथरत राहतं. शेवटचे सहा बाण पहिल्या सहांसारखे सुटत असतील तरच वजन वाढवायचं, तेही एका वेळी दोन पौंड. लिंबचे बोल्ट थोडे आवळूनही एवढी वाढ मिळते. 18 वर्षांखालच्या गटाला 60 मीटर अंतर असतं, मोठ्यांसारखं 70 नव्हे. त्यामुळे घाई करण्याचं काही कारणच नाही.

मी अकरावीत आहे. 70 मीटरवर सरावात 655 गुण येतात, स्पर्धेत 628. मन कमजोर आहे का? – अमरावतीचा एक तिरंदाज

अरे, 27 गुण 72 बाणांवर वाटून बघ. दर तीन बाणांमागे साधारण एक गुण. 70 मीटरवर दहाचं वर्तुळ 12.2 सेंटीमीटरचं. तुझ्या डोळ्यासमोरची साइटची (नेम धरायच्या साधनाची) पिन मिलीमीटरभरही हलली तरी दहाचा नऊ होतो. स्पर्धेत बहुतेक मुलं बाण जास्त वेळ धरून ठेवतात. मित्राला प्रत्येक बाणाची सेकंदं मोजायला सांग, घरीही आणि मैदानावरही. फरक सापडेल. सामन्यात आळीपाळीनं मारताना एका बाणाला 20 सेकंदच मिळतात. आठवड्यातून दोनदा घड्याळ लावून, एका बाणावर हार-जीत ठरवत खेळ. पुण्याच्या शर्वरी शेंडेनं 2025 मध्ये कॅनडात विनिपेगला 18 वर्षांखालचं जगज्जेतेपद बरोबरीनंतरच्या शूट-ऑफच्या एका बाणावरच जिंकलं. साताऱ्याच्या पार्थ साळुंखेनं 2023 मध्ये आयर्लंडमध्ये लिमरिकला 21 वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कोरियाच्या खेळाडूला 7-3 हरवलं. ही आपल्या महाराष्ट्रातलीच मुलं आहेत.

मुलगी बारावीनंतर खेळच करायचा म्हणते. रिकर्व्ह सोडून कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) घेतलं तर पदकं लवकर मिळतील, असं ऐकलं. नोकरीचं काय? – एक वडील, नागपूर

तुमच्या शहराचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला कंपाउंडमध्ये जगज्जेते झाले, म्हणून हा प्रश्न घरोघरी पडलाय. अदिती तेव्हा 17 वर्षांची होती. पण 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची फक्त मिश्र सांघिक स्पर्धा आहे. रिकर्व्हला वैयक्तिक, सांघिक, मिश्र असं सगळं आहे. पदकाच्या घाईनं धनुष्य बदलू नका. तिला स्वतःला कंपाउंड आवडत असेल तर गोष्ट वेगळी. नोकरीसाठी राज्य सरकारी सेवेत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, रेल्वे, पोलीस आणि सेनादलंही खेळाडू घेतात. प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र आजपासून एका फाइलमध्ये लावत जा, आणि पदवीला तिचं नाव घालाच.