पहिल्या कथेचा विषय कुठून आणायचा?

दिवाळी अंकात काय चालेल, हा प्रश्न आत्ता बाजूला ठेव. संपादकांची आवड हेरून लिहिलेली कथा त्यांना दुसऱ्याच परिच्छेदात ओळखू येते. तू कबड्डीबद्दल बोलायला लागलास की थांबत नाहीस, आणि पहिली कथा मात्र मुंबईतल्या एका एकाकी चित्रकाराची. मैदान सोडून तिकडे कशाला शिरलास बाबा?

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्यांत शेत आहे, जातं आहे, चूल आहे. बोलीही घरचीच, खानदेशातली. घरच्यांनी उतरवून घेतलेल्या त्या रचना त्यांच्या मृत्यूनंतर १९५२मध्ये पुस्तकरूपाने आल्या.

सुरुवातीला एवढंच बघ:

- कुणी न विचारता ज्यावर तू अर्धा तास बोलशील, तो विषय घे.
- ‘त्याचं कबड्डीवर जिवापाड प्रेम होतं’ असलं वाक्य खोडून टाक. त्याऐवजी चढाईचे ते तीस सेकंद लिही. संपत आलेला दम, समोरच्या संघाच्या अंगणातली निदानरेषा ओलांडताना कचरणारा पाय, कोपऱ्यातल्या खेळाडूची घोट्यावर खिळलेली नजर. प्रेम वाचकाला आपोआप कळेल.
- माहिती कोंबू नकोस. आवडीच्या विषयात नवे लेखक हमखास इथेच घसरतात. कथेची नियमावली होते.

निवेदक कोण, काळ मागेपुढे कसा करायचा, हे सगळं नंतर. आधी एका चढाईचा प्रसंग लिहून काढ, दोन पानं पुरेत. चित्रकार राहू दे फाईलमध्ये.