दीड वर्षाच्या मुलाला आपलं बोलणं समजतंय का, हे कसं ओळखायचं?

समज आधी येते, शब्द मागाहून. त्यामुळे मूल किती शब्द बोलतं यापेक्षा त्याला किती कळतं, हे आधी बघा.

हात, मान, नजर काहीही न हलवता नुसतं म्हणा, 'चेंडू दे.' एरवी आपण नकळत चेंडूकडे बघतो किंवा हात पुढे करतो आणि मूल शब्द नव्हे, तो इशारा ओळखतं. 'त्याला सगळं कळतं' असं घरच्यांना वाटत राहतं ते बरेचदा यामुळेच. दीड वर्षाच्या आसपास अशी एक सोपी सूचना खुणेशिवाय कळायला हवी. दोन वर्षांपर्यंत विचारल्यावर नाक, कान दाखवता येतात. अडीचपर्यंत 'चेंडू ठेव आणि दार लाव' हेही जमतं.

वर्ष उलटलं तरी हाक मारल्यावर वळून न बघणं, दीड वर्षाचं होऊनही बोटाने काही न दाखवणं, तीन वर्षांचं झालं तरी प्रश्नाला उत्तर म्हणून प्रश्नच परत म्हणत राहणं, असं दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि कानांची तपासणी आधी करून घ्या. मोठ्या आवाजाला दचकतं म्हणजे नीट ऐकू येतं असं नाही; कानाच्या पडद्यामागे द्रव साठला तरी शब्द पुसट ऐकू येतात. आणि येत असलेले शब्द गेले, तर वय कोणतंही असो, वाट बघू नका.