प्लास्टरचा उगोलिनो : अस्सल की नक्कल?

प्रश्न : मुलाकडे पॅरिसला गेलो होतो, तेव्हा ओर्से संग्रहालयात फ्रेंच शिल्पकार रोदँचा 'उगोलिनो' पाहिला. हातागुडघ्यांवर रांगणारा माणूस आणि त्याच्या अंगाखाली मुलं. पाटीवर 'प्लास्टर' वाचलं आणि मन खट्टू झालं. रोदँच्या काही प्लास्टर कामांवर तर साच्याच्या रेघाही दिसल्या. मग ही नक्कलच ना? आणि हा उगोलिनो कोण? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नक्कल अजिबात नाही. आपल्याकडे प्लास्टर म्हटलं की स्वस्तातला गणपती डोळ्यांपुढे येतो, त्याने घोटाळा होतो.

आधी उगोलिनो. हा पिसाचा सरदार. शत्रूंनी त्याला मुला-नातवंडांसह मनोऱ्यात कोंडलं आणि १२८९ साली सगळ्यांना उपाशी मारलं. इटालियन कवी दान्तेने 'इन्फर्नो' (नरक) या काव्याच्या तेहतिसाव्या सर्गात ही कथा त्याच्याच तोंडून सांगितली आहे. बापाने दुःखाने स्वतःचे हात चावले, तर मुलांना वाटलं त्याला भूक लागली आहे. ती म्हणाली, आम्हालाच खा. शेवटी आंधळा झालेला बाप मेलेल्या मुलांवर चाचपडत त्यांना हाका मारतो. रोदँने नेमका हाच क्षण धरला. माणसाला जनावरासारखं चार पायांवर आणण्याचं धाडस मला या शिल्पाचा प्राण वाटतं.

आता प्लास्टर. शिल्पकार घडवतो ओल्या शाडूत. माती वाळली की तडकते, म्हणून तिच्यावर साचा घेतात. आम्ही वेस्ट मोल्ड, म्हणजे एकदाच वापरून फोडायचा साचा, करताना पहिल्या पातळ थरात थोडी नीळ कालवायचो. आत प्लास्टर ओतून ते बसलं की छिन्नीने साचा फोडत जायचं. निळं दिसलं की हात हलका करायचा, कारण खाली लगेच शिल्पाची कातडी. माती तोवर उकरून गेलेली असते, साचाही फुटतो. उरतं ते एकच प्लास्टर. त्यात बोटाचा ठसासुद्धा उतरतो, कारण प्लास्टर बसताना किंचित फुगतं आणि साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतं.

जास्त प्रती हव्या असतील तर तुकड्यांचा पीस मोल्ड करतात. तुकड्यांच्या फटीत प्लास्टर शिरून ज्या रेघा उठतात, त्या तुम्ही पाहिल्यात. बाकीचे शिल्पकार त्या कानशीने घासून टाकत. रोदँने अनेकदा त्या राखल्या, काही वेळा ब्राँझमध्येसुद्धा. काम कसं झालं ते झाकायची त्याला गरज वाटली नाही, आणि मला ते फार आवडतं. तुमचा उगोलिनो आधी लहान आकारात घडला, मोठा नंतर केला गेला, हेही लक्षात असू द्या. ब्राँझ मात्र ओतशाळेतले कारागीर ओततात, आणि तेही प्लास्टरवरूनच.

उगोलिनो मुळात रोदँच्या 'नरकद्वार' या प्रचंड दरवाजासाठी होता. सरकारने १८८० साली नियोजित शोभाकला संग्रहालयासाठी हा दरवाजा त्याला घडवायला सांगितला. ते संग्रहालय जिथे व्हायचं होतं, तिथे रेल्वे स्टेशन उभं राहिलं. १९८६ साली त्याच स्टेशनात ओर्से संग्रहालय उघडलं. म्हणजे दरवाजाचं प्लास्टर आज त्याच्या ठरलेल्या जागीच उभं आहे. रोदँ १९१७ साली गेला. त्याच्या हयातीत हा दरवाजा ब्राँझमध्ये ओतलाच गेला नाही. अशा वेळी प्लास्टरला नक्कल कसं म्हणायचं?

आपले शिल्पकार गणपतराव म्हात्रे यांचंच घ्या. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकत असताना त्यांनी घडवलेली 'मंदिरपथगामिनी' प्लास्टरचीच. तिच्या लुगड्याच्या चुण्या पाहून कुणी 'हे नुसतं प्लास्टर' म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही.

पुन्हा पॅरिसला गेलात तर रोदँ संग्रहालयाच्या बागेतल्या तळ्यात ब्राँझचा उगोलिनो आहे, तो पाहा. वेळ असेल तर शहराबाहेर मदाँला रोदँच्या घरीही जा. तिथे प्लास्टर कामं भरपूर आहेत. शिल्पाच्या मागच्या बाजूला जाऊन पाहायला विसरू नका, रेघा तिथे जास्त सापडतात.