रोमन साम्राज्याची चांदीची नाणी जमवायची आहेत, सुरुवात कोणत्या नाण्यांपासून करू?

सेप्टिमियस सेव्हेरस किंवा तिसरा गॉर्डियन, या सम्राटांपासून. त्यांची नाणी अफाट संख्येने पाडली गेली, त्यामुळे बरी प्रतही आवाक्यात मिळते. सम्राट टायबेरियसचा दिनारियस (रोमन चांदीचं नाणं) मात्र बायबलमधलं सीझरचं नाणं तेच असं मानतात म्हणून महाग असतो. एवढ्यात त्याच्या मागे लागू नका.

नीरोने इ.स. 64 च्या सुमारास वजन आणि चांदी दोन्ही घटवली, सेव्हेरसच्या काळात चांदी जेमतेम निम्मी उरली. तेव्हा चमक कमी म्हणजे नकली, असं नाही. कडेला साच्याची शिवण किंवा बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसले तर मात्र सोडा: अस्सल नाणी ठोकून पाडलेली आहेत, ओतलेली नव्हेत. तांब्यावर चांदी चढवलेली त्या काळचीच खोटी नाणीही भेटतात, मला तर ती जास्त आवडतात.

आणि चिंच, लिंबू, पितांबरी काहीही लावू नका.